राष्ट्राध्यक्ष बदलला की गावचा पोस्टमास्तर का बदले?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेविषयी वाचताना, राष्ट्राध्यक्ष बदलला की खेडोपाडीचे पोस्टमास्तरही बदलले जात, असा उल्लेख वारंवार आढळतो. एवढ्याशा नोकरीत राजकीय पक्षांना इतका रस का असावा आणि ही प्रथा केव्हा संपली? – एक वाचक, सांगली

उत्तर : नोकरी लहान होती, पण तशा नोकऱ्या हजारोंनी होत्या. १९०१ साली अमेरिकेत ७६,९४५ टपाल कार्यालये होती, म्हणजे सत्तेवर आलेल्या पक्षाला जवळजवळ प्रत्येक गावात आपल्या एका माणसाची वर्णी लावता येत असे. १८९६ पूर्वी खेड्यांत घरपोच टपालाची सोय नव्हती. पत्रासाठी आणि वर्तमानपत्रासाठी साऱ्या गावाला टपाल कार्यालयात यावे लागे, आणि ते बहुधा एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यातच असे. त्यामुळे दुकानदाराला गिऱ्हाईक मिळे, आणि कोणाच्या घरी कोणते वर्तमानपत्र येते हे ठाऊक असलेला माणूस पक्षाला मिळे.

ही प्रथा बळावली ती अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात. १८२९ साली ते सत्तेवर आले आणि पहिल्याच वर्षात ४२३ पोस्टमास्तर दूर केले गेले. पुढे १८३६ च्या कायद्याने मोठ्या कार्यालयांच्या नेमणुका राष्ट्राध्यक्षांनी सेनेटच्या (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या) संमतीने आणि लहान कार्यालयांच्या पोस्टमास्तर जनरलने, म्हणजे टपाल खात्याच्या प्रमुखाने, कराव्यात असे ठरले. प्रत्यक्षात मात्र नाव सुचवीत असे तो त्या भागातील सत्ताधारी पक्षाचा काँग्रेस सदस्य. डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या पहिल्या कारकिर्दीत, १८८५ पासून, अॅडलाय स्टीव्हन्सन या टपाल खात्याच्या उपप्रमुखाने सुमारे ४०,००० रिपब्लिकन पोस्टमास्तर घरी पाठवले. १८८९ मध्ये पारडे फिरले, तेव्हा रिपब्लिकनांनीही तेच केले. पद मिळाले नाही म्हणून चिडलेल्या एका इसमाने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यानंतर काही सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेने देणारा १८८३ चा पेंडल्टन कायदा आला होता. पण खेड्यातले पोस्टमास्तर त्याच्या कक्षेबाहेरच राहिले होते.

या प्रथेचा निषेध करताना एक गोष्ट विसरता कामा नये, असे मला वाटते. मिसिसिपीतील इंडियानोला येथे मिनी कॉक्स या कृष्णवर्णीय शिक्षित स्त्रीला १८९१ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी नेमले, क्लीव्हलंड यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत त्यांचे पद गेले, आणि १८९७ मध्ये रिपब्लिकन मॅकिन्ली यांनी त्यांना पुन्हा नेमले. हे सारे पक्षाच्या वशिल्यानेच घडले. परंतु त्या काळच्या मिसिसिपीत निवड गावातल्या गोऱ्या रहिवाशांवर सोपवली असती, तर कितीही लायक असल्या तरी त्यांना ती जागा मिळाली नसती. १९०२ मध्ये गोऱ्या रहिवाशांनी धमक्या देऊन त्यांना राजीनामा द्यायला लावले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तो स्वीकारला नाही. जानेवारी १९०३ मध्ये त्यांनी गावचे टपाल कार्यालयच बंद करून टपाल ग्रीनव्हिल या दुसऱ्या गावाकडे वळवले आणि कॉक्स यांचे वेतन चालू ठेवले. तरीही त्या पुन्हा त्या खुर्चीवर बसू शकल्या नाहीत.

सुधारणा आली ती अशीच अडखळत. रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये, पद सोडण्याच्या बेतात असताना, आणि त्यांच्यानंतरचे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी १९१२ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, सर्वांत लहान कार्यालयांच्या पोस्टमास्तरांना नागरी सेवेचे संरक्षण दिले, म्हणजे पक्ष बदलला म्हणून त्यांना काढता येईना. सुधारणा खरी होती, पण तिचा पहिला लाभ आधी वशिल्याने चिकटलेल्यांनाच झाला. म्हणून नवे डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१३ मध्ये त्यांना परीक्षा देणे भाग पाडले. १९३८ च्या कायद्याने मोठ्या कार्यालयांचे पोस्टमास्तरही नागरी सेवेत आले. मात्र सेनेटची संमती कायम राहिल्यामुळे शिफारशीची वाट खुलीच राहिली. ती बंद केली १९७० च्या टपाल पुनर्रचना कायद्याने. १ जुलै १९७१ रोजी नवी टपाल सेवा सुरू झाली, पोस्टमास्तर जनरल मंत्रिमंडळाबाहेर गेला, आणि गावच्या पोस्टमास्तराचे नाव सेनेटपुढे जाणे थांबले.