आपण कोणाचे?

चिऊ,

तुझी चिनी मैत्रीण म्हणते, आम्ही ड्रॅगनचे वंशज. त्यावर काल जेवताना तू विचारलंस, "बाबा, आपण कोणाचे? की आपलं असं काहीच नाही?" ते "काहीच नाही" मला जरा लागलं, म्हणून लिहितोय. वाटलं तर वाच.

ड्रॅगन जुनाच. 1987 साली चीनमध्ये पुयांगला सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचं थडगं सापडलं. मृताच्या एका बाजूला शिंपल्यांचा ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला वाघ. पण सगळे ड्रॅगनवाले नव्हते. चीनच्या जुन्या शांग राजघराण्याचा मूळपुरुष म्हणे काळ्या पाखराचं अंडं गिळलेल्या बाईच्या पोटी आला. पुढे पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा झाला, एकोणिसाव्या शतकात तो चीनच्या पिवळ्या झेंड्यावरही चढला. "आम्ही सगळेच ड्रॅगनचे" हे त्या मानाने अलीकडचं. (हे तिला लगेच ऐकवू नकोस.)

आपण मोरे. आपलं देवक, म्हणजे कुळाची पूज्य खूण, मोराचं पीस. ताईआत्याच्या लग्नात ते वाजतगाजत मारुतीच्या देवळातून आणलं आणि मुहूर्तमेढीला बांधलं, तेव्हा मी अप्पांच्या पायात पायात करत होतो. शाळेत पोरं वहीत मोरपीस ठेवायची, त्याला पिल्लं होतात म्हणून पेन्सिलीचा भुगा चारायची. मला बंदी. आजी म्हणायची, देवक आहे ते, खेळणं नव्हे. मोर भुईमुगात शिरले की शेजारचे धोंडे मारायचे. अप्पा नुसत्या टाळ्या वाजवायचे, तेही उशिरा. 1963 साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, त्याचं त्यांना काही विशेष नव्हतं. "आमचा आधीपासूनच आहे."

सगळंच गोड नव्हतं बरं का. नंदाआत्याची पहिली सोयरीक देवक एकच निघालं म्हणून मोडली. एकच देवक म्हणजे भाऊबंद, असं म्हणाले. त्या माणसांना आमच्यातल्या कुणी आधी पाहिलंही नव्हतं. तेव्हा मला ते बरोबर वाटलं. आज वाटत नाही. तरीही मोर दिसला की हात आपोआप जोडले जातात, त्याला काय करू?

तू जोडावेस असं नाही.

भारतातून मोरपीस बाहेर आणायला बंदी आहे, म्हणून आपल्या घरात ते नाही. काकूकडे ताईआत्याच्या लग्नाचा फोटो आहे, मुहूर्तमेढ आणि पीस त्यात दिसतं. मैत्रिणीला दाखवायला मागवू का?

बाबा