पोथीच्या स्कॅनमध्ये ओव्यांचा क्रम मध्येच तुटतो. पानं हरवली की माझं वाचन चुकतंय?

तुमच्याकडे ग्रंथालयातून आलेले ज्ञानेश्वरीच्या एका पोथीचे साडेचारशे फोटो आहेत आणि तीनशेव्याच्या आसपास ओव्या जुळेनाशा होतात, असा प्रश्न आहे. वाचन जरा बाजूला ठेवा आणि आधी फोटोंचा हिशेब लावा. बऱ्याचदा घोळ तिथेच निघतो.

पोथीच्या सुट्या पानाला पत्र म्हणतात आणि त्याच्या क्रमांकाला पत्रांक. देवनागरी पोथीत पत्रांक बहुतेक वेळा पत्राच्या मागच्या बाजूला असतो, डाव्या समासात वर आणि उजव्या समासात खाली. पहिल्या पत्राची पुढची बाजू कोरी असते किंवा तिच्यावर नुसतं नाव असतं. म्हणजे प्रत्येक बाजूचा एक फोटो असेल, तर पत्रांक एकाआड एक फोटोत यायला हवा. एक तक्ता करा: फोटो क्रमांक, पत्रांक (१२अ म्हणजे पुढची बाजू, १२ब म्हणजे मागची), पहिली चार अक्षरं, शेवटची चार अक्षरं, ओळींची संख्या. साडेचारशे फोटोंना दोन-तीन दिवस जातील, जाऊ द्या.

मग तक्ताच बोलू लागतो. सलग दोन फोटोंत लागोपाठचे पत्रांक आले, तर मधली पुढची बाजू टिपायची राहिली आहे. सलग दोन फोटोंत पत्रांकच नाही, तर मागची बाजू राहिली. एकाआड एक हा क्रम नीट आहे पण ११ नंतर थेट १३ आला, तर दोन शक्यता: पत्र खरंच गहाळ आहे, किंवा १२ आणि १३ एकमेकांना चिकटलेली असताना एकत्र उलटली गेली. नुसत्या पत्रांकावरून यातलं काही ठरत नाही, मूळ पोथी बघायलाच हवी. आणि अंक उडी मारतो पण मजकूर सलग आहे, तर चूक लेखनिकाची. तिथे काही दुरुस्त करू नका, फक्त नोंद ठेवा. पोथीचं पान खालून वर उलटतात, त्यामुळे मागची बाजू फोटोत उलटी आलेली दिसली तर घाबरू नका.

आता रंग. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पोथीत तो शब्दशः घडलेला असतो: चुकलेल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप. कृष्णधवल स्कॅनमध्ये हा लेप कागदात मिसळून जातो आणि त्याखालचं, लेखनिकाने रद्द केलेलं अक्षर तुम्ही पाठ म्हणून उतरवून घेता. म्हणून रंगीत फाइल मागा, तीही टिफ (तपशील न गमावणारा फाइल-प्रकार). कुठल्याही फोटो-संपादकात निळा चॅनेल (चित्राचा फक्त निळा घटक) एकटा पाहिला की पिवळे डाग गडद होऊन उठून दिसतात. तांबड्या शाईतले ओवीक्रमांक आणि दंडही (ओवीच्या शेवटच्या उभ्या रेघा) निळ्यातच नीट दिसतात. लाल चॅनेलमध्ये ते जवळजवळ पुसले जातात. फोटोत समास कापलेला असेल तर तो पुन्हा काढून मागा. ओळीत काकपद (काही सुटल्याची खूण) असतं आणि सुटलेला मजकूर समासात असतो, शेजारी ओळीचा अंक. तो अंक वरून मोजायचा की खालून, हे त्या लेखनिकाची सवय बघून ठरवावं लागतं.

पोथी फार जुनी असेल तर पडिमात्रा तपासा. तिच्यात एकाराची रेघ अक्षराच्या आधी येते आणि शब्द तोडलेले नसतात. ‘मगाताण’ असं जे दिसतं ते ‘मग तेणे’ असतं. क्रम तुटल्याचा भास अशानेही होतो.

पोथीचा काळ ठरवताना मात्र सगळ्यात जास्त गफलती होतात. शेवटी ‘शके बाराशते बारोत्तरे’ आणि ‘सच्चिदानंदबाबा आदरें लेखकु जाहला’ दिसलं म्हणजे पोथी इ.स. १२९० ची नव्हे. ती ओवी बहुतेक नकलाकार उतरवतातच. एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला त्याची शके १५०६, तारण संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव), ही नोंदही तशीच पुढे उतरत जाते. नकलेचा शक त्यानंतर, बहुधा वेगळ्या वळणाच्या भाषेत असतो. तो पडताळायची रीत: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासून संवत्सराचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). १५०६ + १२ = १५१८, बाकी १८, म्हणजे तारण. जुळलं. जुळलं नाही तर बहुधा एखादा अंक चुकीचा वाचलाय. इसवी सनासाठी ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९.

भांडारकर संस्थेच्या पोथ्यांवर ‘१८८४-८७’ सारखी वर्षं दिसतात, तीही पोथीची नव्हेत. ती पोथी सरकारी संग्रहासाठी मिळवली गेली तेव्हाची आहेत.

ग्रंथालयाला पत्र लिहिताना ‘पानं गहाळ आहेत’ असं मोघम लिहू नका. ‘फोटो २९८ आणि २९९ यांच्यामध्ये १४९ ची मागची बाजू नाही, मूळ पत्र पाहून पुन्हा छायाचित्र मिळावं’ एवढं नेमकं लिहिलंत की तिथल्या माणसाला रुमाल (पोथी बांधून ठेवायचं कापड) सोडून ते एकच पत्र शोधायचं असतं.