मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मित्रमैत्रिणी आपली दुःखे नेहमी मलाच येऊन सांगतात. समुपदेशक होण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे का?

उत्तर : सुरुवात करायला हे कारण चांगले आहे, कारण ज्याच्यापाशी लोक मन मोकळे करतात त्याच्यात ऐकून घेण्याचा धीर असतो. मात्र मित्राला आपण सल्ला देतो, त्याची बाजू घेतो, कंटाळा आला की विषय बदलतो. समुपदेशकाला यातले काहीही करून चालत नाही आणि जो माणूस मनातून आवडत नाही त्याचेही तितक्याच लक्षपूर्वक ऐकावे लागते. प्रशिक्षणात अनेकदा विद्यार्थ्याने घेतलेल्या सत्राचे ध्वनिमुद्रण, अर्थात समोरच्या व्यक्तीच्या संमतीने, मार्गदर्शकासोबत पुन्हा ऐकले जाते. बोलता बोलता ती व्यक्ती थांबते, काही सेकंद कोणीच बोलत नाही आणि न राहवून विद्यार्थी म्हणतो, ‘होईल सगळे ठीक.’ मार्गदर्शक नेमके तिथेच ध्वनिमुद्रण थांबवून विचारतात, की हा धीर तुम्ही त्यांना दिलात की स्वतःला? असे प्रश्न पचवण्याची तयारी असेल तर जरूर या. पण ‘लोकांना माझ्यावाचून चालत नाही’ या समाधानासाठी येणार असाल तर पुन्हा विचार करा, कारण काम नीट झाले की समोरच्याचे तुमच्यावाचून चालू लागते.

प्रश्न : मी स्वतः नैराश्यातून गेले आहे. म्हणूनच मला या क्षेत्रात यायचे आहे. हा अपात्रतेचा मुद्दा ठरेल का?

उत्तर : नाही. आत्मघाती वृत्तीच्या रुग्णांसाठी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ ही उपचारपद्धती विकसित करणाऱ्या मार्शा लिनेहान यांना 1961मध्ये, ऐन तारुण्यात, मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले होते आणि ही गोष्ट त्यांनी 2011मध्ये जाहीरपणे सांगितली. या पद्धतीला मान्यता मिळाली ती मात्र नियंत्रित चाचण्यांमुळे, म्हणजे हा उपचार घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या रुग्णांची तुलना करून, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या अनुभवामुळे दुसऱ्याची वेदना लवकर उमगते, पण मला ज्याने बरे वाटले त्यानेच त्यालाही वाटेल, असा समजही त्याच अनुभवातून होतो. स्वतःचे उपचार अर्धवट राहिले असतील तर ते आधी पूर्ण करावेत. अभ्यासक्रम हा त्यांना पर्याय नव्हे.

प्रश्न : माझ्या मुलीला मानसशास्त्र शिकायचे आहे. तिचे उत्तम गणित वाया जाणार नाही का?

उत्तर : उलट त्याचे चीज होईल. अनेक मोजमापांमागचे मोजके समान घटक शोधणारे, संख्याशास्त्रातील घटक-विश्लेषण हे तंत्र चार्ल्स स्पीअरमन या मानसशास्त्रज्ञाने 1904मध्ये बुद्धिमत्तेचा अभ्यास करताना मांडले. संशोधन आणि मानसमापन (बुद्धी, स्वभाव यांसारख्या गोष्टी चाचण्यांनी मोजणे) या दोन्ही शाखांत गणिताची भीती नसलेली माणसे हवीच असतात.

प्रश्न : माणूस पाहताक्षणी ओळखता यावा, म्हणून मला मानसशास्त्र शिकायचे आहे. हे शक्य आहे का?

उत्तर : शिकाल ते बहुधा याच्या उलट असेल. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन यांच्यावर 1955च्या सुमारास, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, इस्रायली सैन्यातील भरतीच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचे काम आले होते. उमेदवाराविषयी एकंदर मत बनवू नका, स्वभावाचे सहा गुण ठरवून घ्या, प्रत्येकाविषयी उमेदवाराच्या प्रत्यक्ष आयुष्यातले प्रश्न विचारा आणि वेगवेगळे गुणांकन करा, असे त्यांनी मुलाखतकारांना सांगितले. आम्हाला यंत्रे बनवता का, म्हणून मुलाखतकार चिडले. तेव्हा शेवटी डोळे मिटून, मनाला वाटेल तो एक आकडा देण्याची मुभा त्यांना मिळाली. पुढे सैनिकांच्या प्रत्यक्ष कामगिरीशी ताडून पाहता नवी पद्धत जुनीपेक्षा बरीच सरस ठरली आणि गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला, कारण तो शिस्तीने माहिती गोळा केल्यानंतर दिलेला होता. आपली पारख अशी तपासून घेण्यात तुम्हाला रस वाटत असेल तर हा विषय जरूर घ्या. ती नुसती मिरवायची असेल तर पहिल्याच वर्षी हिरमोड होईल.