जुनी पोस्टमॉडर्न आरामखुर्ची घेताना आधी उलटी करून बघा

मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देतो: ती बेल एअर घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला राहता, पुढे खुर्ची पुण्याला न्यायची आहे, ऐंशीच्या दशकातल्या डिझायनर आरामखुर्च्या जमवायची हौस नुकतीच लागली आहे, बजेट दीड हजार युरो, आणि एका जाहिरातीत ‘मेम्फिस बेल एअर, १९८२, ओरिजिनल’ चौदाशेला दिसतेय. मेम्फिस म्हणजे ऐंशीच्या दशकातला मिलानचा पोस्टमॉडर्न डिझायनरांचा गट, बेल एअर ही त्यांची आरामखुर्ची. शार्कच्या पंखासारखी एका बाजूला उंच गेलेली पाठ, एका पायाच्या जागी चेंडू, रंग, सगळं फोटोशी जुळतंय असं तुमचं म्हणणं. जुळणारच. नक्कल करणारा आकार आणि रंगच आधी जुळवतो. अस्सल बेल एअर, जुनी असो की नवी, या पैशात मिळत नाही, कित्येक पट मोजावे लागतात. ‘आजोबांच्या माळ्यावर पडून होती, आम्हाला काही कळत नाही’ ही कथा मी बरीच ऐकली आहे. ज्याला जाहिरातीत डिझायनरचं नाव आणि साल अचूक लिहिता येतं, त्याला किंमत तेवढी शोधता येत नाही, हे कसं पटावं?

पण समजा, खुर्ची अस्सल निघाली. तरी ती १९८२ची आहे हे कशावरून? नव्या लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. डिझायनर एत्तोरे सोत्सास यांच्या मिलानमधल्या घरी डिसेंबर १९८० मध्ये मेम्फिसची मंडळी जमली, सप्टेंबर १९८१ मध्ये पहिलं प्रदर्शन भरलं, दिवे बनवणाऱ्या आर्तेमिदे कंपनीचे एर्नेस्तो जिस्मोंदी पाठीशी उभे राहिले. पुढे १९८५ मध्ये सोत्सास स्वतःच बाहेर पडले आणि दोन-तीन वर्षांत गट विरला. गट विरला, कंपनी नाही. मेम्फिस मिलानोने त्याच वस्तू बनवणं चालूच ठेवलं. म्हणजे पीटर शायरने १९८२ मध्ये आखलेली बेल एअर आज नवी कोरीही विकत मिळते, आणि तीही अस्सलच. नकली नाही, फक्त जुनी नाही. खाली कंपनीची धातूची पट्टी असली, तरी तिच्यावरचं साल डिझाइनचं असू शकतं. ती पट्टी म्हणजे गाडीचं आरसी बुक नव्हे.

मग जुनेपणा ठरवायचा कसा? कागदावरून. पहिलं बिल, आधीच्या लिलावाची नोंद, दुकानाचा शिक्का, जुन्या घरातले फोटो. आणि कागद नसतील तर खुर्चीच्या पोटावरून: कापडाखालचा फोम, स्टेपल पिनांचा गंज, तळाचं काळं कापड एकदाच ठोकलंय की उचकटून पुन्हा ठोकलंय, स्क्रूच्या खाचा झिजल्यात का. म्हणून मी विक्रेत्याकडे पहिला फोटो मागतो तो खालचा. जो समोरून दहा फोटो टाकतो आणि खालचा मागितल्यावर गप्प होतो, त्याच्याशी पुढे बोलायची गरज राहत नाही.

या गोंधळाचं टोक बघायचं असेल तर मेंदिनींची प्रूस्त ही खुर्ची बघा. जुन्या बरोक थाटाची आरामखुर्ची घेऊन तिच्या कापडावर आणि लाकडावर, दोन्हींवर, पॉल सिन्याकच्या चित्रातले ठिपके हाताने रंगवायचे, ही अलेस्सांद्रो मेंदिनींची १९७८ ची कल्पना, मिलानच्या स्टुडिओ आल्किमिया या डिझाइन-गटासाठी. त्यानंतर हाताने रंगवलेल्या अनेक झाल्या, कापेल्लिनी कंपनीने २००९ मध्ये भौमितिक नक्षीच्या कापडात काढली, २०११ मध्ये माजिस कंपनीने अखंड प्लॅस्टिकची काढली, ती अंगणात पावसात ठेवली तरी चालते. सगळ्यांचं नाव प्रूस्तच. जाहिरातीत ‘मेंदिनी प्रूस्त १९७८’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातली कुठली, हे विचारल्याशिवाय किमतीवर बोलूच नका.

आता दीड हजारात काय घ्यावं. माझं मत सरळ आहे: या बजेटमध्ये मेम्फिसच्या मागे लागू नका, त्याच काळात मोठ्या कारखान्यांनी काढलेल्या खुर्च्या घ्या. त्या संख्येने जास्त बनल्या, लोकांनी बसायला घेतल्या, म्हणून आज बाजारात येतात. संग्रहालयात बघायला मेम्फिस झकास, पण संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायला? आमच्याकडे येणारे पाहुणे तरी दुसऱ्या खुर्चीत बसतात.

माझी पहिली शिफारस विंक. डिझायनर तोशियुकी किता, कंपनी कासिना, १९८०. डोक्यामागचा आधार दोन वेगळ्या ‘कानां’चा, प्रत्येक कान वेगळा पुढे-मागे होतो, बाजूच्या गोल मुठी फिरवून पाठ कलते, आणि पायाखालचा भाग पुढे उलगडला की खुर्चीची लांब आरामगादी होते. प्रत्येक भागाला चेनवाला अभ्रा, वेगवेगळ्या रंगांचा. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ती आहे, आणि कोणाच्याही दिवाणखान्यात शोभते. तुमच्या बजेटच्या आसपास जुनी सापडते.

ती बघायला गेलात की कोरी पँट घालू नका. कोलोनजवळच्या एका गॅरेजात मी एक विंक बघत होतो. बाहेरून देखणी, लाल-निळा-पिवळा अभ्रा धुऊन इस्त्री केल्यासारखा. मी पाठीची चेन चार बोटं उघडली तर आतून बेसनासारखी पिवळी पूड माझ्या गुडघ्यावर सांडली. विक्रेता म्हणाला, ‘धूळ आहे.’ धूळ करडी असते हो. मी सीटवर तळवा दाबून धरला आणि उचलला, तर खड्डा तसाच राहिला, आत बारीक कुरकुर ऐकू आली. डावा कान वर केला की हळूहळू आपोआप खाली मान टाकत होता. मुठींची पकड गेली होती. अभ्रा धुता येतो, शिवता येतो. सांगाड्याभोवतीचा फोम आणि आतली यंत्रणा दुरुस्त करायची तर खुर्चीइतकाच खर्च.

फोमबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या छंदात खरा शत्रू तोच आहे, नकली माल नंतर. त्या काळचा पॉलियुरेथेन फोम ढोबळमानाने दोन जातींचा, एस्टर आणि ईथर. एस्टर जातीचा दमट हवेत रासायनिकरीत्या तुटतो, आधी चिकट होतो, मग चुरा. ईथर जातीचा पाण्याला बरा, पण प्रकाश आणि हवेने ठिसूळ होतो. दोन्हींवर खात्रीचा इलाज नाही, फक्त वेग कमी करता येतो: ऊन नको, हीटरच्या शेजारी नको, हवा फार दमट नको. आणि फोम बदलायचाच झाला तर अपहोल्स्टरीवाल्याला पहिल्यांदा बजावा की जुनं कापड फेकायचं नाही. मूळ कापड, अगदी फाटलेलं का असेना, पिशवीत भरून खुर्चीसोबत ठेवा. पुढे विकताना त्या पिशवीचे पैसे येतात. बरेच कारागीर कामाच्या उत्साहात जुना माल त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकतात.

फोमची कटकटच नको असेल तर मारिओ बोत्ता यांची सेकोंदा बघा, आलियास, १९८२. स्टीलचा सांगाडा, छिद्रं पाडलेल्या पत्र्याची सीट, आणि पाठीला दोन काळे गोल रूळ. नाही म्हणायला त्या रुळांत पॉलियुरेथेन आहेच, तेवढे हाताने फिरवून, भेगा आणि चिकटपणा तपासून घ्या. बाकी पत्र्याला काय धाड भरलीय! किमतीलाही हलकी, बजेटच्या निम्म्यातही मिळते. तासभर बसून आराम वाटेल असं मात्र मी म्हणणार नाही.

गाएतानो पेशेंची फेल्त्री (कासिना, १९८७) मला मनापासून आवडते. जाड लोकरी नमदा, खालचा भाग राळेत भिजवून कडक केलेला, वरचा मऊ ठेवलेला, त्यामुळे पाठ अंगावर शालीसारखी ओढून घेता येते. पण लोकर आली की कसर आली. शिवणीच्या कडा, गादीची खालची बाजू, सगळीकडे टॉर्च मारून बघा. तुमच्या बजेटात सहसा बसत नाही, पण कसर लागलेली कोणी स्वस्तात देत असेल तर नकोच, घरातल्या बाकीच्या लोकरीलाही लागेल.

फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कची कोस्त तीन पायांची, पॅरिसच्या कॅफे कोस्तसाठी केलेली. वेटर कमी अडखळावेत म्हणून मागे एकच पाय, असं सांगतात. तिच्या नकला जगभरच्या कॅफेत पसरल्यात, ती बनवणाऱ्या द्रियादे कंपनीची खूण नसेल तर मी हात लावत नाही. पाओलो देगानेल्लोंची तोर्सो (कासिना, १९८२) छान, पण एवढी पसरट की आयंडहोवनच्या फ्लॅटमध्ये तुम्ही राहाल की ती, हे ठरवावं लागेल.

कुठे शोधायचं: तुमच्याकडे मार्क्टप्लाट्स, सीमेपलीकडे जर्मनीत क्लाइनआनझाइगेन, दोन्ही जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइट. दोन्हींवर डिझायनरचं नाव टाकून सगळेच शोधतात, म्हणून ‘ऐंशीच्या दशकातली आरामखुर्ची, इटली’ असं डच आणि जर्मनमध्ये टाकून बघा, ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्या जाहिराती तिथे सापडतात. किमतीचा अंदाज जाहिरातींवरून घेऊ नका, मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली नव्हे. म्युनिकचं क्विटेनबाउम, शिकागोचं राइट या लिलावघरांच्या जुन्या लिलावांचे निकाल चाळा. त्यातही हातोडा पडतो तो आकडा शेवटचा नसतो. समजा हजारावर पडला, तर लिलावघराचं कमिशन पंचवीस-तीस टक्के धरा, वर वाहतूक, म्हणजे दीड हजार तिथेच संपले.

आणि लिलावाच्या निकालांतून बोवीचा लिलाव आधी बाजूला काढा. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा मेम्फिस संग्रह नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडनला सदबीजमध्ये विकला गेला. त्यातला ऑलिव्हेत्तीचा लाल व्हॅलेंटाइन टाइपरायटर, सोत्सास आणि पेरी किंगचा, जो एरवी काही शे पौंडांत मिळतो, तो ४५,००० पौंडांना गेला. लोकांनी बोवीचा टाइपरायटर घेतला. विक्रेते मात्र अजूनही त्या लिलावाचे आकडे तोंडावर फेकतात.

ब्रिटनमधून मागवायचा मोह झाला तर: ब्रेक्झिटनंतर आयातीवरचा व्हॅट आणि कागदपत्रं आली, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना मिळणारी सवलत या खुर्च्यांना लागू नाही. शिवाय तिथल्या १९८८ च्या अग्निसुरक्षा नियमांमुळे १९५० नंतरचं गादीचं फर्निचर व्यापाऱ्याला नियमात बसल्याशिवाय घरगुती वापरासाठी विकता येत नाही. लिलावघरं म्हणून ‘केवळ कलावस्तू’ अशी टीप घालतात. काही व्यापारी सरळ फोमच बदलून टाकतात, तेव्हा ‘मूळ स्थितीत’ म्हणणाऱ्या ब्रिटिश खुर्चीचा तळ दोनदा बघा.

कोणीतरी तुम्हाला सांगितलं की मेम्फिसचे रंग भारतातून आले, म्हणून तुम्हाला ती खास वाटते. सोत्सास १९६१ मध्ये भारतात फिरले, परतल्यावर मूत्रपिंडाच्या आजाराने मरता मरता वाचले, आणि १९६४ मध्ये त्यांनी ‘शिवाला अर्पण’ नावाने मातीच्या थाळ्यांची मालिका केली. एवढं खरं. पण मेम्फिसचे लॅमिनेट बघताना मला मिलानच्या उपनगरातले कॉफीबार जास्त दिसतात, आणि स्वतः सोत्सासही त्या स्वस्त बारच्या टेबलांचंच नाव घेत. भारताच्या नावाने चार पैसे जास्त मागणारा भेटला तर हसून सोडा.

पुण्याला परत नेण्याबद्दल: सेकोंदा बिनधास्त न्या. विंक न्यायची तर जहाजाचा कंटेनर हाच मोठा धोका, आठवडेच्या आठवडे बंद पेटीत ऊन आणि दमटपणा. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू देऊ नका, पॅकर्स हमखास तेच करतात. आत सुती चादर, वर पुठ्ठा, मग लाकडी पेटी, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने खिडकीपासून लांब ठेवा. मुंबईत राहणार असाल तर फोमची खुर्ची इथेच विकून जा.

आणि काहीही घेण्याआधी तुमचा जिना मोजा. डच जिने कसे असतात ते तुम्ही रोज चढता. बेल एअर सव्वा मीटरच्या आसपास रुंद आहे, तोर्सोही पसरट, खिडकीतून घ्यायची तर बाहेरून शिडीची लिफ्ट लावावी लागेल, तिचं भाडं बजेटमध्ये धरा. विंकचे अभ्रे निघतात, म्हणून ती वर न्यायला सोपी वाटते, पण आतला स्टीलचा सांगाडा एकसंध आहे आणि दोन माणसं लागतात.