कोठडीत राहून नजर जाते का?

भाऊ काही वर्षांपासून तुरुंगात आहेत, पंचेचाळिशी उलटली आहे, हल्ली अक्षरं पुसट दिसतात म्हणतात. रात्रंदिवस भिंतीच समोर असल्यामुळे डोळे अधू झाले का, असं तुम्ही विचारलंय. कैद्यांचे डोळे तपासायचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिंती बघून मोठ्या माणसाची नजर सहसा जात नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं, ते सगळ्यांचंच होतं. बाहेरचा माणूस दुकानात जाऊन चष्मा करून आणतो. आतला माणूस मात्र दिव्याखाली जाऊन, हात लांब करून कागद धरत राहतो. काडी तुटलेला, दोऱ्याने बांधलेला एकच चष्मा चारचौघांत फिरताना मी पाहिलाय. खटल्याच्या कागदांवर न वाचता सह्या होतात त्या अशाने, आणि याचा मला फार त्रास होतो. कारण इलाज आहे एक साधा चष्मा.

खरी काळजी वेगळ्या गोष्टींची. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, नजर कडेकडेने खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा भावांच्या डोळ्याला कधी मार लागला असेल, तर डोळ्याचा दाब तपासायलाच हवा. मधुमेह असेल तर बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा वर्षातून एकदा बघून घ्यावा. साखर वरखाली झाली की नंबरही बदलतो, म्हणून आधी साखर आटोक्यात आणा, मग नंबर काढा. आणि अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर हवा. डोळ्याच्या आतला पडदा सुटत असेल तर तुरुंगाकडे केलेल्या अर्जाच्या उत्तराची वाट बघण्यात डोळा जातो.

अर्जात नुसतं ‘दिसत नाही’ लिहू नका. भावांना एकेक डोळा झाकून बघायला सांगा. कोणत्या डोळ्याने, जवळचं की लांबचं, कधीपासून, हे लिहिलं की डॉक्टरला निकड कळते.

नेल्सन मंडेला दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात असताना चुनखडीच्या खाणीत राबले. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हाने त्यांचे डोळे कायमचे बिघडले. काळे चष्मे मिळायला जवळजवळ तीन वर्षं लागली होती. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली मंजूर केलेल्या कैद्यांविषयीच्या नियमांना त्यांचंच नाव आहे. त्यातला नियम 24 म्हणतो, बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला मोफत मिळावी. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

जुना नंबराचा कागद घरी असेल तर त्याची प्रत जोडा. चष्मा तुम्हीच देणार असाल तर कोणती फ्रेम चालते ते आधी विचारा. धातूची बऱ्याच ठिकाणी आत जाऊ देत नाहीत. अर्जाची पोच घ्या आणि एक प्रत वकिलांकडे ठेवा.