तिथीची पाऊणपट

प्रश्न : मुलगा मुंबईला असतो. गेल्या फेब्रुवारीत सकाळी आठला आम्ही शिवडीच्या धक्क्यावर फ्लेमिंगो बघायला गेलो. दहापर्यंत उभे होतो. समोर नुसता चिखल आणि लांब एक गुलाबी रेघ! दुसऱ्या दिवशी संकष्टी, साबुदाणा आणायचा होता म्हणून कंटाळून परत फिरलो. नंतर मांडव्याच्या लाँचमागं पांढरे पक्षी गाठिया झेलत होते. मला ते आपल्या पैठणच्या नाथसागरावरचेच वाटले. खरं का? यंदा पुन्हा जाणार आहोत. नातवाला गाठिया टाकू द्यावेत का?
– निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : ताई, संकष्टीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, नाहीतर मला काहीच सांगता आलं नसतं. आदला दिवस म्हणजे तृतीया धरू. किनाऱ्यावरची माणसं एक हिशेब सांगतात : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती रात्री सव्वादोनला, नंतर दुपारी अडीचच्या सुमारास, आणि दोन्हींच्या मधोमध, सकाळी साडेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. तुम्ही आठ ते दहा उभ्या होतात! पाणी नेमकं तेव्हा सगळ्यांत लांब, आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, त्याच्या कडेकडेनं चरत तिकडंच गेलेले. तीच तुमची गुलाबी रेघ.

मी हसत नाही, कारण माझी फजिती याहून मोठी आहे. कालवा निरीक्षक म्हणून उभी नोकरी नाथसागराच्या पाण्यावर काढली. पाणी म्हटलं की आमच्या डोक्यात आवर्तन. रब्बीची पाळी सुटली की जलाशय बोटाबोटानं उतरतो, काठाचा गाळ उघडा पडतो तो आठवडेच्या आठवडे तसाच. आज शेकाट्या पक्षी जिथं दिसला तिथंच उद्या जाऊन बघा, असेल. हीच अक्कल घेऊन मी पहिल्यांदा शिवडीला गेलो. दुर्बीण, ज्वारीची भाकरी, ठेचा, सगळा बंदोबस्त. धक्क्याशी बांधलेली एक होडी पाण्यावर डुलत होती. भाकरी सोडली, दोन घास खाल्ले, ओळखीच्या टिलव्यांचा थवा दिसला म्हणून दुर्बीण लावली, आणि मान वळवली तर होडी चिखलात कुशीवर पडलेली. टिलवे पाण्यामागं निघून गेले. शेजारी जाळं सांधत बसलेला म्हातारा एवढंच म्हणाला, ‘पंचांग नाय बघितलंत?’ आयुष्यभर पंचांग बघून पेरणी करणाऱ्यांच्या घरातला मी!

तर यंदा षष्ठी गाठा, शुद्ध असो की वद्य. सहाची पाऊणपट साडेचार. दुपारी अडीचला धक्क्यावर पोचा. पाणी चढायला लागलेलं असतं आणि ते पक्ष्यांना तुमच्याकडं ढकलत आणतं. शिवडीचा चिखल शहराच्या पूर्वेला, म्हणून सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि सगळे पक्षी काळेच दिसतात. दुपारनंतर सूर्य पाठीशी, मग रोहिताच्या पंखातला लाल रंगही सुटत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी जरा कमी चढतं. षष्ठीला त्याचा थोडा परिणाम जाणवेल, चालायचंच. हिशेब ढोबळ आहे, अर्धा तास इकडंतिकडं होतो. निघण्याआधी मोबाइलवर त्या दिवशीची भरतीची वेळ पडताळून घ्या. फक्त फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजे नाथषष्ठी, टाळा. त्या दिवशी मराठवाड्यातलं माणूस शिवडीला सापडलं तर नाथ काय म्हणतील?

आता लाँचमागचे पक्षी. ओळख बरोबर आहे, ते कुरव, म्हणजे सीगल. नाथसागरावरही हिवाळ्यात येतात. मांडव्याला जाताना एक कुरव कठड्यापासून हातभर अंतरावर, पंख न हलवता, लाँचच्याच वेगानं माझ्यासोबत चालला होता. मान तेवढी वळवून माझ्या मुठीत काय आहे ते बघायचा. बुबुळ फिकट, जवळजवळ पांढरं, भोवती बारीक लाल कडा, कानामागं काळा डाग. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं बुबुळ असं फिकट असलं की तो तपकिरी डोक्याचा कुरव. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच, त्यामुळं नावावर जाऊ नका. नाथषष्ठीच्या सुमारास पैठणला या, डोकी तपकिरी व्हायला लागलेली दिसतील. मग ते लडाख-तिबेटकडच्या सरोवरांवर वीण करायला निघून जातात.

गाठिया नको. तेल, मीठ आणि बेसन, त्यात त्या पक्ष्याच्या कामाचं काय आहे? त्याचं पोट मासे, किडे, खेकडे यांच्यावर चालतं. फुकटचं मिळतं म्हणून तो लाँचमागं धावतो, बाकीचं पाण्यात पडतं, आणि रिकामी पिशवीही बहुतेक वेळा त्याच वाटेनं जाते. नातवाच्या हातात गाठियांऐवजी दुर्बीण द्या आणि डोळ्याचा रंग विचारा. माझ्या नातीनं पहिल्याच फेरीत अकरा फिकट डोळे मोजले होते. खरे किती, देव जाणे.

एक मात्र तपासा. नाथसागरावर तुम्ही बघितलेला पक्षी पाण्यावर बदकासारखा बसत होता का? तर कुरव. चोच पिवळीधमक, शेपटी दुभंगलेली आणि वरून सूर मारून मासा उचलत असेल तर तो नदी सुरय, बारमाही आपलाच. उन्हाळ्यात पाणी उतरून उघड्या पडलेल्या बेटांवर, नुसत्या वाळूत अंडी घालतो. १९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तरी होडीवाला हौसेनं ‘बेटावर उतरवतो’ म्हणाला तर उतरू नका. ती अंडी वाळूच्याच रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.