गाळा भाड्याने घेण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत का?

तुम्ही लिहिलंय की वर्कशॉपसाठी नाशिकमध्ये गाळा बघताय आणि एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा छापील करार नोटरी करून टाकू, वकील कशाला? वकील लागतोच. सही झाली की एजंटचं कमिशन सुटतं, त्याला हे विचारूच नका.

अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही, ही आपल्याकडची जुनी थाप. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही नोटरीवर भागवणारे मालक पैशाला पासरी.

आमचं शीट मेटलचं काम आहे, मी आणि माझा थोरला भाऊ. सिडकोतली जागा पुरेना, तेव्हा अंबड एमआयडीसीत एक शेड मिळत होती. भाडं आजूबाजूपेक्षा कमी, टेम्पो थेट आत जाईल अशी. दादा टोकनचे पैसे खिशात घेऊनच आला होता. मी म्हटलं, आधी कागद बघू. त्यावर त्याचं ठरलेलं वाक्य, "वकील मध्ये आला की सौदा फिसकटतो."

सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टात बसणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी मालकाकडून एमआयडीसीचं लीज डीड (जमीन भाडेपट्ट्याने दिल्याचा करार), मंजूर नकाशा, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि पोटभाड्याची परवानगी मागवायला सांगितली. मालकाने दिलं लाइट बिल! एमआयडीसीत प्लॉट सहसा ९५ वर्षांच्या लीजवर असतो. प्लॉटधारक जमिनीचा मालक नसतो, पोटभाडेकरू ठेवायचा तर महामंडळाची परवानगी आणि वेगळं शुल्क लागतं. इथे परवानगी नव्हती. बऱ्याच तगाद्यानंतर नकाशा आला, तर त्यात आमची शेडच नाही. बाजूला जी मोकळी जागा सोडायची असते, तिच्यावर पत्रे टाकलेले. वर प्लॉट बँकेकडे गहाण. म्हणजे मालकाचे हप्ते थकले की बँक दारात, आणि बँकेला न विचारता नंतर केलेला आपला करार तिच्यापुढे फारसा टिकत नाही. मालक म्हणाला, "इथं सगळे असेच बसलेत, मॅडम." सौदा मोडला. सातपूरला जास्त भाड्याने, पण परवानगी असलेला गाळा घेतला.

आता दादाची बाजू. त्या अंबडच्या शेडमध्ये दुसरा एकजण अजून धंदा करतोय, कोणाची नोटीस नाही की काही नाही. दर लक्ष्मीपूजनाला हे ऐकवलं जातं. नोटीस आली नाही म्हणून कागद चोख होत नाहीत. आणि मशीनच्या कर्जासाठी बँकेने पहिल्यांदा मागितलं काय? रजिस्टर्ड करार आणि पोटभाड्याची परवानगी. ती फाइल घेऊन दादाच गेला होता, तेव्हा बरं तोंडातून शब्द निघाला नाही.

करारात लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोघांना सारखाच आहे का, डिपॉझिट किती दिवसांत परत, वाढीव घरपट्टी कोण भरणार, वीजभार वाढवायला मालक सही देणार का, एवढं वकिलाकडून लिहून घ्या. तुमचा जीएसटी नंबर असेल आणि मालकाचा नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो (जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतले छोटे धंदेवाले वगळून). ते सीएला विचारा.

फी वकिलागणिक वेगळी. आमची डिपॉझिटच्या मानाने किरकोळ होती. मी वकील नाही, आणि एमआयडीसीबाहेरच्या दुकानाला यातलं निम्मं लागू नाही, तिथे भोगवटा दाखला आणि सोसायटीची एनओसी बघा. फक्त मालकाने सुचवलेला वकील नको. आणि दादासारखा कोणी "माझ्या ओळखीचा आहे, फुकटात बघेल" म्हणाला, तर तोही नको.